माहेरची रेती

गोंदियात मुर्रीच्या त्या भाड्याच्या खोलीत मी आणि रितू, अशा दोघी राहत होतो. रितू आमगावकडची. तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यामुळे तिच्या पिशवीत कायम पाकिटं असायची: मसाल्याच्या कुरकुरीत नळ्या, वेफर्स, गरम पाण्यात टाकल्या की लगेच मऊ होणाऱ्या शेवया. कॉलेजातून सायकलीने परतलं की तिचं पाकीट फुटल्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, शिकलेल्या माणसांच्या घरी भूक अशीच भागत असेल. माझ्या खाटेखाली एक पत्र्याचा डबा होता. दर पंधरा दिवसांनी गावाहून तो भरून यायचा. आत मायने केलेला मुरमुऱ्यांचा चिवडा असायचा, जवसाच्या तेलात लसूण आणि वाळल्या मिरच्या तडतडवून केलेला, वर फुटाणे आणि चार शेंगदाणे. तो मी रितू आंघोळीला गेली की खायची. झाकण काढताना आवाज होऊ नये म्हणून डब्यावर ओढणी धरायची. आता हे लिहिताना हसू येतं आणि थोडी लाजही वाटते, पण तेव्हा मला खरंच वाटत होतं की त्या डब्यावरून मी कुठून आले ते सगळ्यांना कळेल. जणू डबा नसता तर कळलं नसतं.

रितूला ते कळायचं तेव्हा कळलंच. एके दिवशी ती टॉवेल विसरली म्हणून परत आली, आणि माझे गाल फुगलेले.

"छुपाके खा रही है? अकेली अकेली?"

मी डबा पुढे केला. तिने एक मूठ घेतली, मग दुसरी, मग आंघोळ बाजूला ठेवून खाटेवरच बसली. "ये किसने बनाया?"

"मायनं. घरीच. मुरमुरे पण घरचेच."

"मुरमुरे घर पे कैसे बनते हैं? वो तो फॅक्टरी में बनते हैं ना?"

दुकानदाराची पोर, पोत्याने मुरमुरे विकलेले, आणि तिला हे माहीत नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही काहीतरी माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तिने डबा उचलून कॉलेजात नेला आणि प्रॅक्टिकलच्या मधल्या सुट्टीत सगळ्या बॅचला वाटला. रसायनशास्त्राच्या मॅडमनीही मूठभर घेतला. खाता खाता त्यांनी एक दाणा बोटांत धरून उजेडात पाहिला आणि मला विचारलं, "हे किती तापमानाला फुटतं गं?"

"माहीत नाही मॅडम."

"मग शोधून काढ. तुझा प्रोजेक्ट हाच."

मी मान हलवली. वर्गात मी नेहमी मानच हलवायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तिथे कुणाला काही विचारायचं म्हणजे आपल्याला ते येत नाही हे कबूल करायचं, आणि ते कबूल केलं की कुणीतरी म्हणेल, मग आलीस कशाला. असं कुणी कधी म्हणालं नाही. तरी मी दोन वर्षं न विचारता काढली. ही सवय मला किती महाग पडली, तेच या प्रकरणात सांगायचं आहे. मला नाही, खरं तर मायला.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी लॅबमधल्या भाऊंकडे थर्मामीटर मागितलं. चांगला माणूस. त्यांनी कपाट उघडून विचारलं, "कायले पाहिजे?" तिथे दोन-तीन मुली उभ्या होत्या. आमच्या चुलीवरच्या कढईतल्या रेतीत घालायचं आहे, हे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणाले, "पाणी गरम करायचंय." त्यांनी वरच्या खणातलं काढून दिलं. एकशे दहापर्यंतच्या खुणा, खाली चकचकीत पाऱ्याचा फुगा. खालच्या खणात लांब, जास्त खुणांचीही होती. ती मी पाहिली. पण विचारलं नाही. टॉवेलात गुंडाळून, पिशवीत उभं धरून मी ते गावी नेलं.

आमचं गाव तिरोड्याकडचं. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या शेतांना मिळतं, त्या पट्ट्यातलं. दिवाळीच्या सुमारास धान पिवळं पडलेलं असतं, कापणी तोंडावर असते, आणि दिवाळीनंतर एकेका गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडईला घराघरांत पाहुणे येतात, आणि आलेल्या पाहुण्यापुढे चिवड्याची ताटली ठेवली नाही असं घर नसतं. त्यामुळे दिवाळीपासूनच आमच्या अंगणात बायांची रांग लागायची. ज्याचा तांदूळ त्याने आणायचा, मायने फोडून द्यायचा, आणि दर पायलीमागे ओंजळभर मुरमुरे आमच्या टोपल्यात राहायचे. पैसे कुणी देत नसे आणि माय मागत नसे. पण त्या ओंजळींवर आमच्या घराचं वर्षभराचं चहासोबतचं खाणं चालायचं. माझा डबाही त्यातूनच भरायचा.

मुरमुरे फोडणं ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगते. नवा तांदूळ चालत नाही. उसना हवा, म्हणजे धान उकडून, वाळवून मग टरफल काढलेला, आणि तोही जुना. बाबा गोंदियाच्या राइस मिलमध्ये हमाली करायचे, तिथून ते असा तांदूळ पारखून आणत. त्याला मिठाचं पाणी चोळायचं आणि झाकून ठेवायचं. किती वेळ, ते माय तांदूळ दाताखाली धरून ठरवायची. मग साध्या तव्यावर हलका परतून त्यातला ओलेपणा काढायचा. बाजूच्या चुलीवर मोठ्या लोखंडी कढईत रेती तापत असते. ती तापली की मूठभर तांदूळ आत टाकायचा आणि काड्यांच्या खराट्याने भराभर फिरवायचं. आधी काहीच होत नाही. मग एक दाणा उडतो. मग दोन. आणि मग एकदम, पावसाची सर पत्र्यावर यावी तसा आवाज होतो, काळी रेती दिसेनाशी होते आणि कढई पांढरी होते. सगळं मिळून दहा-बारा श्वासांचं काम. लगेच चाळणीत उपसलं नाही तर जळतं, आधी उपसलं तर कच्चं राहतं. मी लहानपणापासून हजारदा पाहिलं होतं. पण मॅडमच्या प्रश्नानंतर त्या सुट्टीत पाहिलं तेव्हा मी नुसती बघत राहिले. मायपुढे घड्याळ नव्हतं, माप नव्हतं. तिचं लक्ष तर रेतीकडेही नव्हतं. ती बिरजाकाकीशी बोलत होती आणि हात आपोआप उचलला जात होता. चाळणीतला एकेक दाणा सारखा फुललेला.

आणि ती रेती. ती साधी नव्हती. मायच्या लग्नात तिच्या आईने लुगड्याच्या फडक्यात बांधून ती सोबत दिली होती. बाकीच्या बायांना भांडी मिळतात, मायला भांड्यांसोबत रेती मिळाली. वर्षानुवर्षं तापून ती काळी, गुळगुळीत, बाजरीच्या दाण्यासारखी एकसारखी झाली होती. दाण्याला चिकटत नसे, दाताखाली येत नसे. काम झालं की माय ती थंड करून मडक्यात भरायची आणि मडक्याला फडकं बांधून ठेवायची.

मी टॉवेल उलगडला तेव्हा सकाळची वेळ होती. बिरजाकाकी, आमची शेजारीण, आपली तांदळाची टोपली घेऊन बसली होती.

"कोनाले ताप आला व?" मायने विचारलं. आमच्याकडे थर्मामीटर म्हणजे दवाखान्यातलं.

"कोणाला नाही. रेतीचा पाहायचाय."

"रेतीले ताप येते का?" माय हसली.

बिरजाकाकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "पोरगी डॉक्टर होऊन राहिली, अना पेशंट भेटला रेती! मोजून घे पोरी, मोजून घे. मंग गोळी दे तिले."

मी पण हसले. मायने सरकून मला चुलीपाशी जागा दिली. "तापली आहे. तांदूळ टाकाच्या आधी पाहून घे." मी थर्मामीटरचा फुगा रेतीत खुपसला. पाऱ्याची रेघ अशी धावत वर गेली की मला आकडा वाचता आला नाही. ती टोकाला टेकली. मला कळलं, हे थर्मामीटर पुरणार नाही. काढायला हात नेला, तेवढ्यात टक् असा बारीकसा आवाज आला, चणा फुटावा तसा.

काचेचा फुगा गेला होता. काळ्या रेतीवर चांदीचे दोन-तीन थेंब इकडेतिकडे पळाले आणि आत बुडाले.

"अगंबाई, चांदी!" बिरजाकाकी पुढे वाकली.

पुस्तकातलं एक वाक्य मला आठवलं. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो, आणि ती विषारी असते. ते मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते कधी खरं असेल, आपल्या अंगणात असेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी ओरडले. माझा तो आवाज मी स्वतः त्याआधी ऐकला नव्हता. "उठा! दोघी उठा! दूर व्हा! वास घेऊ नका!" काकीला मी दंडाला धरून ओढलं. मायने लाकडं बाहेर ओढायला हात पुढे केला, तो मी धरला. "राहू दे. आपोआप विझेल." कोंबड्या हाकलल्या. आम्ही तिघी कुंपणापाशी, वारा येत होता त्या बाजूला, जाऊन उभ्या राहिलो.

काही दिसत नव्हतं. चूल जळत होती, कढई होती, रेती होती. धूर नेहमीसारखा वर जात होता.

"काय झालं तं सांग," माय म्हणाली.

मी सांगितलं. पारा म्हणजे काय, वाफ म्हणजे काय, ती छातीत गेली की काय होतं. काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "एवढासा थेंब तं होता. चाळून टाक ना रेती. काच वर येते अना काम भागते. मंडई जवळ आली, माह्या घरी सात पाहुणे येऊन राहिले."

"चाळता येत नाही काकी. तो रेतीत मिसळतो. दिसत पण नाही."

"दिसत नाही तं तुले कसा दिसून राहिला?"

मला तो दिसत नव्हताच. मी फक्त वाचलं होतं. आणि तेवढ्या वाचण्यावर मी मायला तिच्या आईची रेती टाकून दे म्हणणार होते. मला खात्री करून घ्यायची होती, पण त्यासाठी फोन करायचा म्हणजे आपण भाऊंना खोटं सांगितलं तेही सांगायचं. शेवटी कुंपणावर एका ठिकाणी रेंज येते, तिथे चढून मॅडमना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून कुणा शिक्षकांना फोन केला. सगळं सांगितलं, पाणी गरम करायचं म्हणून मागितलं होतं तेही. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी आधी विचारलं, "तुम्हाला कुणाला लागलं नाही ना? डोकं दुखतंय का? चूल मोकळ्या जागेत आहे ना?" मग शांतपणे सांगितलं की पूर्ण थंड होईपर्यंत जवळ कुणी जायचं नाही, झाडू लावायचा नाही, हाताला पिशव्या बांधून सगळी रेती घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची, वर पाणी घालायचं आणि कॉलेजात आणून द्यायची. चूल दुसरीकडे मांडायची. "आणि कढईसुद्धा," त्या म्हणाल्या. "ती पुन्हा वापरू नका."

मी खाली उतरले. माय तिथेच उभी होती.

"रेती टाकावी लागेल," मी म्हणाले. "आणि कढई पण."

"कढई पन?"

"हो."

बिरजाकाकी काहीतरी पुटपुटली. मायने तिच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, अगदी तशीच जशी ती तांदूळ दाताखाली धरून थांबते. मी तेव्हा मनात म्हणत होते की ती आता म्हणेल, कॉलेजात जाऊन हेच शिकलीस का. म्हणाली असती तर बरोबरच होतं. तिला अक्षर ओळखता येत नाही. पारा तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ज्या गोष्टीला वास नाही, रंग नाही, धूर नाही, तिच्यावर विश्वास ठेवायला तिच्याकडे माझ्या बोलण्याशिवाय काहीच नव्हतं.

"तू म्हनतेस तं टाकू," ती म्हणाली.

एवढंच. मग काकीला म्हणाली, "बाई, तुमचा तांदूळ घेऊन जा आज. चार-सहा दिस थांबा." आणि चूल विझेपर्यंत कुंपणाला टेकून उभी राहिली. मला तेव्हा रडू आलं नाही, इतकं ते मोठं वाटलं. मी इतकी वर्षं शिकत होते. माझा शब्द असा कुणी उचलून धरला नव्हता, आणि ज्या माणसाचं त्यात सर्वांत जास्त जाणार होतं तिनेच तो धरला. मी नंतर पदवी घेतली, पदवीच्या कागदाला हात लावताना मला काहीतरी वाटलंही. पण त्या अंगणातल्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेती भरली. मॅडमनी सांगितलं तसंच सगळं केलं. डबे आणि ती कढई बांधून बाबा आणि मी गोंदियाला नेऊन देऊन आलो. मॅडमच्या सांगण्यावरून सुट्टीतही आलेल्या भाऊंनी ते घेताना मला म्हटलं, "बेटा, रेती म्हनाले लाज काऊन वाटली? मले सांगतीस तं मोठं देलं नसतं का?" मी मान हलवली नाही. "चुकलं," म्हणाले.

पुढचे दिवस मी मायच्या मागे मागे होते. मला वाटलं होतं, रेती म्हणजे रेती, नदीवर गेलं की मिळते. माय मला वैनगंगेच्या काठी घेऊन गेली आणि सकाळचा अर्धा दिवस नुसती चालत राहिली. एका ठिकाणची रेती तिने तळहातांत घासून कानाजवळ नेली आणि टाकून दिली. "हे रडून राहिली," म्हणाली. दुसऱ्या ठिकाणची जिभेला लावून थुंकली, मातीची होती. वळणापलीकडे, जिथे पाणी उथळ आणि संथ होतं, तिथली तिने घासली, ऐकली, आणि मान डोलावली. मी पण कानाजवळ नेली. मला काहीच ऐकू आलं नाही. तिने पुन्हा घासली, माझं डोकं धरून कान जवळ आणला, आणि तेव्हा मला पहिल्या रेतीचा खरखरीत आवाज आठवला आणि या आवाजातला फरक कळला. हा रेशमासारखा होता. माझ्या पुस्तकात कणांच्या आकाराचं एक पूर्ण प्रकरण होतं. ते सगळं तिच्या दोन तळहातांत होतं.

मग चाळणं, तीन चाळण्यांतून. मग धुणं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग वाळवणं. बाबांनी बाजारातून जुनी पण जाड बुडाची कढई आणली, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नवी चूल मांडली. आणि मग रेती भाजणं, जे संपेचना. पहिल्या दिवशी कणी टाकून फोडली, ती अर्धी जळली, उरलेलीला रेती चिकटली. कोंबड्यांना घातली. दुसऱ्या दिवशी तेच. बिरजाकाकी रोज कुंपणावरून डोकावायची. "झाला का उतारा? का सलाईन लावता तिले?" माय हसायची, पण तिच्या हातावर भाजल्याचे डाग पडले होते. नवी रेती उसळत होती. जुन्या रेतीने तिला कधी भाजलं नव्हतं. मी त्या डागांकडे बघू शकत नव्हते. एकदा मी म्हणाले, "माय, दुकानातून विकतचे आणू मुरमुरे. या वर्षी सगळ्यांना तेच देऊ."

"देऊ ना," ती म्हणाली. "पन मंग पुढच्या वर्षी?" आणि खराटा पुन्हा रेतीत घातला. तेव्हा मला कळलं की ती या मंडईसाठी काम करत नव्हती. ती रेती घडवत होती. कितीतरी वर्षांनी जी काळी आणि गुळगुळीत होईल, तिचा पहिला आठवडा आम्ही जगत होतो. मला हे फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

पाचव्या दिवशी दुपारी तिने जुन्या तांदळाची मूठ टाकली. आधी काहीच झालं नाही. मग एक दाणा उडाला. मग तो आवाज आला आणि कढई पांढरी झाली. मायने उपसलं, चाळलं, सुपात ओतलं. मुरमुरे थोडे लहान होते, काहींच्या टोकाला पिवळी छटा होती, पण फुललेले होते, सुटसुटीत होते. कुंपणापाशी काकीसह चार-पाच बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. सगळ्या बघत होत्या. मायने मूठ भरली, तोंडाजवळ नेली आणि थांबली. ती माझ्याकडे वळली.

"खाऊ का?"

ती घाबरली नव्हती. ज्याला कळतं त्याला विचारावं, तसं विचारत होती, सगळ्यांसमोर. मी बदललेल्या कढईकडे पाहिलं, दुसऱ्या टोकाच्या नव्या चुलीकडे पाहिलं, मॅडमनी सांगितलेली एकेक गोष्ट मनात पुन्हा तपासली. घाई केली नाही. तीही थांबून होती, मूठ तशीच धरून.

"खा," मी म्हणाले.

तिने मूठ तोंडात टाकली, आणि चावता चावता हाताने खुणावून बायांना आत बोलावलं.